पाण्याचे ‘जीवन’ हे नाव

अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘जीवन’ हेही एक आहे. तथापि पाणी जीवन का, हे रसायनशास्त्रास कळावयास फार काळ लागला. युरोपातही पाणी मूलतत्त्वच मानीत असत. लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ मध्ये ज्वालाग्राही वायू व हवा ह्यांच्या मिश्रणात विजेची ठिणगी पाडली, तेव्हा काचेच्या भांड्यास आतून दव धरले. ते निव्वळ पाणी होते! जुन्या फ्लॉजिस्टन-मतामुळे त्याला स्वतःला त्याचा अर्थ नीट उमगला नाही. पाणी हे संयुग आहे, असे स्पष्टपणे मांडले ते पॅरिसच्या लाव्हाझ्येने, १७८३ मध्ये. ह्यामुळे आपले ‘आप’ हे महाभूत खोटे ठरले, असे म्हणणारे आम्हांस भेटतात. महाभूत आणि मूलद्रव्य ह्या दोन निराळ्या विचारांची ती गल्लत होय.

पुढचे मर्म १९२० मध्ये लॅटिमर व रोडबुश ह्यांनी उलगडले : पाण्याच्या एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनलाही धरून राहतो. ह्या पकडीमुळे पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. आपले अंगही म्हणूनच उन्हात एकाएकी तापत नाही. गोठताना रेणू ऐसपैस रचले जातात, म्हणून बर्फ तरंगतो. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. ते तळाशी जाते, आणि थंड मुलखातील सरोवरांत बर्फाखाली मासे हिवाळा काढतात.