कुटुंब-अर्थव्यवहार पाहणी
कुटुंब-अर्थव्यवहार पाहणी : कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज व श्रम यांची पद्धतशीर नोंद करून त्याच्या वर्तनाचा व कल्याणाचा अभ्यास करण्याची अर्थशास्त्रीय पद्धत. उत्पन्न जितके कमी, तितका अन्नखर्चाचा त्यातील वाटा मोठा, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल (१८२१–९६) याने १८५७ मध्ये मांडला. या अभ्यासाचा तो पाया होय.

महाराष्ट्रात हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह शेतीवर होई. २८ कुटुंबांना बाहेरील मजुरीची जोड लागे आणि ६७ कुटुंबांची तोंडमिळवणी तरीही होत नसे. पुढे मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने मुंबईतील कामगारांच्या (१९२१-२२) व सोलापुरातील गिरणी कामगारांच्या (१९२५) कुटुंबखर्चाच्या पाहण्या केल्या. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाल्यावर देशव्यापी सामग्री उपलब्ध झाली. तिच्या आधारे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मापन केले. दररोज दरडोई २,२५० कॅलरी हा निकष धरून १९६०-६१ च्या किंमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये व नागरी भागात २२·५० रुपये अशी किमान खर्चाची मर्यादा त्यांनी काढली.

धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण या गावांत ‘इक्रिसॅट’ या संस्थेने १९७५ पासून निवडक कुटुंबांच्या व्यवहारांची दीर्घकाळ नोंद ठेवली. शिरापूरसह तीन गावांच्या सामग्रीवरून रॉबर्ट टाउनझेंड यांनी १९९४ मध्ये दाखविले, की कुटुंबाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक बदलतो. उसनवारी, देणग्या, साठवलेले धान्य यांमुळे अवर्षणाचा आघात काहीसा वाटला जातो. मात्र भूमिहीनांना हे संरक्षण तुलनेने कमी मिळते. ग्रामीण महाराष्ट्रातील १९८३ च्या नमुना पाहणीवरून शंकर सुब्रमण्यन व अँगस डीटन यांनी १९९६ मध्ये असा निष्कर्ष काढला, की एकूण खर्च १० टक्क्यांनी वाढल्यास कॅलरींचे सेवन सु. ३ ते ५ टक्क्यांनीच वाढते. उरलेला वाढीव अन्नखर्च ज्वारी-बाजरीसारख्या स्वस्त धान्यांऐवजी महाग पदार्थांकडे वळतो.

या सर्व पाहण्यांत कुटुंब हे एकच एकक मानले जाते. त्याची मर्यादा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात स्पष्ट दिसते. अनियमित पर्जन्यामुळे येथील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुकादम पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ हे एक एकक धरून आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. ती सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते, फेड मात्र दोघांच्या श्रमांतून होते. कुटुंबाच्या एकूण उत्पन्नात पत्नीचे श्रम मोजले जातात, पण त्या उत्पन्नातील तिचा वाटा नोंदला जात नाही. यासाठी कुटुंबांतर्गत वाटपाची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते. दरडोई सरासरी ही वाटप समान आहे असे गृहीत धरते. म्हणून केवळ तिच्यावरून स्त्रिया व मुले यांच्या कल्याणाचे अनुमान काढणे सदोष ठरते.