समुद्र नसलेला देश : न्यासालँड ते मलावी

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा देशाचा इतिहास सोलापूरच्या वसंत व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्या शहरापुढे स्वतःचे प्रश्न काय थोडे आहेत? पाण्याचा आहे, यंत्रमागाचा आहे, विडी वळणाऱ्या बायांच्या मजुरीचा आहे. तरीही हा विषय आम्ही जाणूनबुजून घेतला. आमचे शिक्षण विद्यापीठात झालेले नाही. युनियनच्या कामातून उरलेल्या वेळात वाचनालयात बसून जे वाचले, ते कामगाराच्या नजरेने वाचले. मांडणारही त्याच नजरेने आहोत.

मलावीसारख्या देशांविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. त्यांना समुद्र नाही, बंदर नाही, म्हणून ते गरीब. ह्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हे पूर्ण सत्य आहे काय, एवढेच आज तपासून पाहायचे आहे.

आरंभ जवळून करू. आपल्या जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या पश्चिमेला आटपाडी लागते. तिथूनच माणगंगा सांगोल्याकडे वाहत येते आणि पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. हा आटपाडीचा मुलूख १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. औंध म्हणजे एकूण ७२ गावे, आणि तीही एका ठिकाणी नव्हेत. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, काही थेट विजापूरच्या बाजूला. चहूकडे इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्या संस्थानिकांचा अंमल. समुद्राचे नाव नको, पावसाचा भरवसा नको. अशा राज्याने गरीब राहावे आणि गप्प बसावे, हेच कोणीही गृहीत धरले असते.

पण औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाला नवी घटना दिली. गावाने निवडलेली पाच जणांची पंचायत, पंचायतींच्या प्रमुखांमधून तालुक्याची समिती, आणि तिच्यावर राज्याची विधानसभा, अशी ती रचना होती. राजाने आपला अधिकार आपल्या हाताने खाली उतरवला. ह्या कामी पुढाकार होता युवराज अप्पासाहेब पंतांचा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच साली नेहरूंनी अप्पासाहेबांना भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला पाठवले. १९५० च्या अखेरीस मध्य आफ्रिका आणि न्यासालँड हा भागही त्यांच्याकडे आला. न्यासालँड म्हणजेच आजचे मलावी. माणदेशातल्या गावपंचायतींचा कारभार पाहिलेला माणूस अशा देशाशी संबंध ठेवू लागला, जिथे गावकऱ्याच्या मताला सरकारदरबारी किंमत नव्हती. त्यांच्या खटपटीने आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांचा स्नेह गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपत राहिला, आणि १९५४ मध्ये त्यांना तेथून परत यावे लागले.

आता तो देश कसा आहे ते पाहू. आकाराने तो महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा. उत्तर-दक्षिण लांबट, एखाद्या पंचासारखा. उत्तरेस टांझानिया, पश्चिमेस झांबिया, आणि बाकी बहुतेक सगळीकडून मोझांबिकचा वेढा. पूर्वेच्या अंगाला सुमारे ५८० किलोमीटर लांबीचे प्रचंड सरोवर आहे. त्यातून शिरे नदी निघते आणि दक्षिणेला झांबेझीस मिळते. पण वाटेत धबधबे असल्यामुळे सरोवरापासून समुद्रापर्यंत नाव जात नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा एकच पावसाळा. आपल्याकडे जशी ज्वारी तसा तिकडे मका. मक्याच्या पिठाचा न्सिमा म्हणजे त्यांची भाकरी. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी भरली. बहुसंख्य लोक अजूनही जमिनीच्या लहान तुकड्यावर जगतात.

१८९१ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख आपल्या संरक्षणाखाली घेतला. तो ताब्यात आणण्यासाठी हिंदुस्थानी लष्करातले शीख शिपाई नेले होते, हेही आपण विसरू नये. मग झोपडीपट्टी बसली. झोपड्यांची वस्ती नव्हे. झोपडीवरची पट्टी, म्हणजे कर. कर रोख भरायचा. रोख पैसा शेतकऱ्यापाशी कुठला? तो मिळायचा गोऱ्यांच्या मळ्यावर राबून. पुढे तर नियमच असा झाला की, गोऱ्या मालकाकडे महिनाभर काम केले तर कर निम्मा, नाहीतर पुरा. मजूर पुरवण्याचे हे यंत्र कायद्याच्या कागदावर बनवलेले होते.

शिरेच्या पठारावरची उत्तम जमीन मळेवाल्यांच्या नावावर गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना राहण्याबद्दल मालकाकडे फुकट राबावे लागे. ह्याला ‘थंगाटा’ म्हणत. त्यांच्या भाषेत ह्या शब्दाचा मूळ अर्थ मदत. आपल्याकडे शेजाऱ्याचे शेत नांगरायला बैल घेऊन जाण्याची इर्जिक होती ना, तसा एकमेकांच्या उपयोगी पडण्याचा तो रिवाज. मळेवाल्याने शब्द तोच ठेवला आणि त्याची वेठ केली. ह्या जाचाविरुद्ध, आणि महायुद्धात आफ्रिकी माणसे मरायला पाठवण्याविरुद्ध, जॉन चिलेम्ब्वे ह्या धर्मोपदेशकाने जानेवारी १९१५ मध्ये बंड केले. ते थोड्याच दिवसांत मोडले गेले आणि तो मारला गेला. पण त्याचे नाव राहिले.

ज्यांना मळ्यावर राबायचे नव्हते ते पायी चालत देशाबाहेर गेले: ऱ्होडेशियाच्या शेतांवर, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत. आपल्या पूर्वभागातले पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरास आले ते पोटासाठीच. पण ते बायकामुलांसह आले, इथे घरे झाली, देवळे झाली, शाळा झाल्या. खाणीत गेलेल्या मलावी मजुराला कुटुंब नेता येत नव्हते. करार संपला की परत, आणि पुन्हा नवा करार. गावात बायका, मुले आणि म्हातारी माणसे उरत.

पण मजूर जातो तिथे विचारही जातो. क्लेमेंट्स कदाली हा न्यासालँडचा, मिशनच्या शाळेत शिकलेला तरुण. त्याने १९१९ साली केपटाऊनच्या गोदीत आफ्रिकी कामगारांची मोठी संघटना उभी केली. पुढल्याच वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत आपली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. समुद्र नसलेल्या देशाच्या माणसाने समुद्रकाठच्या कामगारांना एकत्र आणले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न, बंदराच्या वाटेचा. सोलापूरलाही समुद्र नाही. पण आपली चादर रेल्वेने साडेचारशे किलोमीटर जाऊन मुंबईच्या बंदरात पोचते. मध्ये परका मुलूख नाही, जकातीचे परके नाके नाही. न्यासालँडचा माल मोझांबिकमधल्या बैरा बंदरातून जाई, आणि मोझांबिक पोर्तुगिजांचे. तिकडे जाणारा लोहमार्ग १९२२ साली पुरा झाला, आणि झांबेझीवर साडेतीन किलोमीटरांहून लांब पूल १९३५ साली झाला. बंदराकडला हा मार्ग परक्या हद्दीत. मात्र त्याच्या कर्जाच्या व्याजाची हमी न्यासालँडच्या सरकारची, म्हणजे झोपडीपट्टी भरणाऱ्या रयतेची. आपल्या जी. आय. पी. रेल्वेच्या कंपनीलाही भांडवलावर पाच टक्क्यांची हमी होती आणि तूट हिंदी रयतेच्या करातून भरली जाई. वेशीची किल्ली दुसऱ्याकडे आणि कुलपाची किंमत आपण द्यायची, असा तो व्यवहार.

१९५३ मध्ये इंग्रजांनी न्यासालँड, उत्तर ऱ्होडेशिया आणि दक्षिण ऱ्होडेशिया ह्यांचे एक संघराज्य बनवले. उत्तरेचे तांबे, दक्षिणेतल्या गोऱ्यांची सत्ता आणि न्यासालँडचे मजूर, अशी ही वाटणी. आफ्रिकी जनतेचा त्याला उघड विरोध होता. तो कोणी जुमानला नाही. परदेशी वैद्यकी करणारे डॉ. हेस्टिंग्ज बंडा १९५८ मध्ये मायदेशी परतले आणि चळवळ पेटली. ३ मार्च १९५९ रोजी आणीबाणी पुकारली गेली. हजारावर माणसे पकडली. बंडांना दक्षिण ऱ्होडेशियाच्या तुरुंगात नेले. न्खाटा बे इथे एकाच दिवशी गोळीबारात वीस माणसे पडली. १९३० चा मार्शल लॉ आणि धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन ह्या चौघांची फाशी ज्या गावाने पाहिली, त्या गावाला ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डेव्हलिन ह्यांच्या समितीनेच, तिथे तूर्त पोलिसी राज्य चालू आहे, असा निर्वाळा दिला. १९६३ च्या अखेरीस संघराज्य मोडले. ६ जुलै १९६४ ला न्यासालँड स्वतंत्र होऊन मलावी झाले.

इथे कथा सुखान्त झाली असती तर आमचे काम सोपे होते. पण किल्ली परक्याच्या हातून निघाली ती लोकांच्या हाती आलीच नाही. दोन महिन्यांत बंडांचे आणि त्यांच्या सहकारी मंत्र्यांचे फाटले. काहींना काढले, काही देश सोडून गेले. १९६६ मध्ये एकच पक्ष कायदेशीर ठरला. १९७१ मध्ये बंडा तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. बर्ली जातीच्या तंबाखूला बाहेर चांगला भाव. पण १९९० पर्यंत ती लावण्याचा हक्क मोठ्या मळ्यांना, लहान शेतकऱ्याला मनाई. त्याने पिकवलेला बाकीचा माल सरकारी महामंडळ कमी भावाने घेई. तंबाखूचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे सोलापूरच्या विडी कामगार बाईला विचारा. मलावीचा शेतकरीही तेच उत्तर देईल. ह्यात समुद्राचा काय संबंध?

संबंध दिसला तो पुढे. १९८० च्या दशकात मोझांबिकमधल्या यादवीत बंदरांकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग बंद पडले. माल झांबिया, झिंबाब्वे असा वळसा घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात जाऊ लागला आणि वाहतुकीचा खर्च भयंकर वाढला. समुद्र नसण्याची ही खरी किंमत. ती नाकारण्याचे कारण नाही. पण ती किंमत कोणी सोसायची, मळेवाल्याने की मजुराने, हे भूगोल ठरवत नाही; सरकार ठरवते.

शेवटी आवाज उठला. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी राजवटीवर टीका करणारे पत्र चर्चमधून वाचून दाखवले. एप्रिलमध्ये चाकुफ्वा चिहाना हे कामगार पुढारी लोकशाहीची मागणी घेऊन परदेशातून परतले. विमानतळावरच त्यांना अटक झाली. मे महिन्यात ब्लँटायर शहरातल्या कापडगिरणीच्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. संप शहरभर पसरला, गोळीबार झाला, अनेक माणसे मेली. पण त्यानंतर राजवटीला जनमत घ्यावे लागले. १४ जून १९९३ रोजी लोकांनी अनेक पक्षांच्या बाजूने कौल दिला, आणि १९९४ च्या निवडणुकीत बंडा हरले. गिरणगावच्या श्रोत्यांनो, तीस वर्षांच्या हुकूमशाहीला जे धक्के बसले, त्यातला एक मोठा धक्का मागावरच्या माणसांनी दिला होता. पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने आदल्या वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक गैरप्रकारांमुळे रद्द केली. फेरनिवडणूक झाली आणि सत्तेवरचा अध्यक्ष पडला. गरीब देशाने हे करून दाखवले.

तुलनेसाठी त्याच भागातला बोत्स्वाना पाहा. त्यालाही समुद्र नाही. अर्धाअधिक मुलूख वाळवंटी. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांत मोडत होता. १९६७ मध्ये मोठा हिऱ्यांचा साठा सापडला, आणि खनिजांवरचा हक्क टोळीप्रमुखांकडे न राहता देशाचा राहील असा कायदा केला गेला. निवडणुका नियमाने होत राहिल्या. २०२४ मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि मुकाट्याने पायउतार झाला. तिथे विषमता पुष्कळ आहे, हे आम्ही झाकून ठेवत नाही. आणि हिरे मलावीला मिळाले नाहीत, हेही खरे. परंतु हिरे असूनही रसातळाला गेलेले देश आफ्रिकेत आहेत. केवळ हिऱ्याने देश उभा राहत नाही. हिऱ्याचा हिशेब मागता येतो तिथे तो उभा राहतो.

आमचे म्हणणे एवढेच. डोंगर, नदी, समुद्र ही देशाला मिळालेली पाटी आहे. तिच्यावर काय लिहायचे ते कारभार ठरवतो. ७२ विखुरलेल्या गावांचे औंध गावकऱ्याला मत देऊ शकले. इतके मोठे सरोवर आणि सुपीक पठार असलेल्या न्यासालँडला सत्तर वर्षे ते दिले गेले नाही, आणि मलावी झाल्यावर आणखी तीस वर्षे पुन्हा काढून घेतले गेले. वेशीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे पाहावेच; पण किल्लीवाल्याला जाब विचारण्याचा हक्क आपल्यापाशी आहे की नाही, हे त्याआधी पाहावे. युनियनच्या सभेत, नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत तो हक्क रोज वापरला तरच राहतो. न वापरलेला हक्क काढून घ्यायला हुकूमशहाची गरज पडत नाही. तो आपोआप जातो.