तार आणि फट

वीज हा आम्हां कर्जत-खालापूरकरांचा घरचा विषय. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली खोपोलीस आणून १९१५ साली तेथे वीज निघू लागली. १९२२ साली भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९४२ च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, ते एवढ्याचसाठी, की तार तुटली म्हणजे वीज थांबते.

माणसाच्या मेंदूत मात्र तार जागोजागी तुटलेलीच असते! मज्जापेशी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, असे स्पेनच्या काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. मग मधली फट संदेश ओलांडतो कसा? भिवपुरीच्या आदल्याच वर्षी, १९२१ साली, ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयास दिले. तेही मंदावले. पाण्यात रसायन उतरले होते!

वाचकहो, आपली आठवण घडते ती या फटीपाशीच. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी प्रसिद्ध केले, की सशाच्या मेंदूतील तंतू भराभर चेतविले तर पुढच्या पेशी कित्येक तास अधिक जोराने साद देतात. ग्लुटामेट नावाचे रसायन फट ओलांडते. पलीकडची पेशी त्याच क्षणी जागी असेल तर तिची खास दारे उघडून कॅल्शियम आत शिरते आणि ते रसायन टिपणाऱ्या जागा वाढतात. २००० सालचे नोबेल मिळविणाऱ्या एरिक कँडेल यांना समुद्री गोगलगायीत आढळले, की सेरोटोनिन वारंवार मिळाले तर नवे सांधेच फुटतात. भय वा आनंद दाटला म्हणजे सुटणारे नॉरॲड्रेनॅलिन तो ठसा आणखी पक्का करते.

दिवेलागणीला परवचा म्हणवून घेणाऱ्या आज्यांना ही नावे ठाऊक नव्हती. पण पुन्हा पुन्हा म्हटलेले टिकते, हे त्या पुरते ओळखून होत्या.

भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळ्यांना बळी पडले. तेव्हाची पिढी आता जवळजवळ सरली. पुतळे उभारता येतात, पण दगडाला आठवण नसते; ती मुलांच्याच डोक्यात रुजवावी लागते. म्हणून माझे एवढेच मागणे : फराळाला मुले भोवती बसतील तेव्हा ही गोष्ट त्यांना रंगवून सांगा. आणि पुढल्या दिवाळीत पुन्हा सांगा.