अर्थाचा अनर्थ

मंडळी, या शनिवारी एक कोडं घालतो.

समजा, १९६५ सालची एमजीबी आहे. ब्रिटिश, दोन सीटची, उघड्या टपाची. मालकाने तिचं मूळचं चार सिलिंडरचं इंजिन उतरवून रोव्हरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ बसवलंय, १९८० च्या दशकातलं, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवालं. गाडी झकास पळते. पण हेडलाइट लावले की इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं पाणी तापलं. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की वाटतं आणखी तापलं. लाइट बंद, पंखा बंद, की तापमान झटक्यात खाली. आता हेडलाइटने पाणी तापत नाही, आणि पंख्याने तर ते थंड व्हायला हवं. मग हे काय चाललंय?

सेन्सर बदलून बघितला, तरी तेच. थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. गडबड एका वायरीत आहे. पण ती गडबड का होते हे समजायला मोटारीच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते, कारण ही चूक मोटारीपेक्षा जुनी आहे.

१८३८ साली जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हा शास्त्रज्ञ तारायंत्रावर प्रयोग करत होता. वीज जायला एक तार लागते, परत यायला दुसरी. तांबं महाग. श्टाइनहाइलच्या लक्षात आलं की परतीची तार लागतच नाही. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले की परतीचं काम जमीनच करते. खर्च एकदम अर्ध्यावर! जगभरची तारायंत्रं याच पद्धतीवर चालली. आज गॅरेजमधला वायरमन 'अर्थ दे रे' म्हणतो ना, तो शब्द इथून आला. अर्थ म्हणजे खरोखरची पृथ्वी.

तारायंत्राला हे चाललं कारण त्याला फक्त 'आहे' की 'नाही' एवढंच कळायला हवं होतं (आमच्या भाषेत एक किंवा शून्य). मग टेलिफोन आला. टेलिफोनवाल्यांनीही स्वस्तात पडतं म्हणून तीच एक तार आणि तीच जमीन वापरली. पण आवाज ही नाजूक गोष्ट. शेजारच्या तारायंत्राची टकटक टेलिफोनमध्ये ऐकू यायला लागली. पुढे १८८८ साली अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेच्या ट्राम यशस्वीपणे चालवून दाखवल्या आणि त्या गावोगावी पसरल्या. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून आणि रुळांखालच्या जमिनीतून जायचा. तिकडे ट्राम निघाली की इकडे टेलिफोनमध्ये घरघर. जमीन एकच, आणि तिच्यात सगळेच आपापला प्रवाह ओतणार, दुसरं काय होणार? उपाय माहीत होता. जॉन कार्टी नावाच्या तरुण टेलिफोनवाल्याने १८८१ सालीच परतीलाही स्वतंत्र तार वापरून लाइन शांत करून दाखवली होती. दुप्पट तांबं लागतं म्हणून कंपन्यांनी जमेल तितकं टाळलं, पण शेवटी सगळ्यांना दोन तारांवर यावंच लागलं.

आता मोटारीकडे येऊ.

१९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला. हँडल मारायचं संपलं. गाडीत बॅटरी आली, दिवे आले आणि तांब्याचा तोच जुना प्रश्नही आला. उत्तरही जुनंच सापडलं. गाडीची चासी लोखंडाची आहेच, तिलाच परतीची तार करा! प्रत्येक दिव्याला एकच वायर, दुसरं टोक सरळ बॉडीला. गाडीला रबरी टायर असल्याने खऱ्या जमिनीशी तिचा काही संबंध नाही, तरी नाव 'अर्थ' हेच राहिलं. मला वाटतं घोळ या नावातच आहे. 'अर्थ' म्हटलं की आपल्याला वाटतं, अचल, अथांग, सगळीकडे सारखा शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात ती फक्त पत्र्याची बनवलेली एक फार मोठी वायर असते. आणि कुठल्याही वायरीतून प्रवाह गेला की थोडा व्होल्टेज पडतोच. ओहमचा नियम बॉडीला सूट देत नाही.

त्यात १९३१ साली क्रायसलरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं, म्हणजे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलं. गाडीची थरथर कमी झाली. पण रबरातून वीज जात नाही. असं इंजिन विजेच्या दृष्टीने एक बेट होतं आणि बॉडीशी त्याला जोडणारा पूल म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी, अर्थ स्ट्रॅप. ही पट्टी सैल झाली किंवा गंजली की प्रवाह दुसरी वाट शोधतो. चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल लालबुंद होते. जुन्या मेकॅनिकांनी हे पाहिलेलं असतं.

आणखी एक भानगड. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला लावायचं? आज सगळीकडे निगेटिव्ह. पण ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकापासून पॉझिटिव्ह अर्थ रूढ होता. अमेरिकेत फोर्डही १९५५ पर्यंत पॉझिटिव्हवर होती. डायोडवाले अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तसं सगळं जग निगेटिव्हवर आलं. एमजीबी १९६७ च्या अखेरीस बदलली. म्हणजे आपल्या कोड्यातली १९६५ ची गाडी जन्माने पॉझिटिव्ह अर्थवाली! तिच्यात इंजेक्शनचा कॉम्प्युटर बसवायचा तर आधी अख्ख्या गाडीची उलटापालट करायला लागते.

आता तापमान. सुरुवातीला ड्रायव्हरला इंजिन तापल्याचं वाफ दिसल्यावरच कळायचं. १९१० च्या दशकात बॉइस कंपनीचं 'मोटोमीटर' आलं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला थर्मामीटर, सीटवरून काचेतून वाचायचा. मग डॅशबोर्डवर काटा आला. त्यामागे युजीन बूर्दाँने १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी नळी होती. सुरुवातीच्या एमजीबीत हेच होतं. इंजिनात एक बल्ब, तिथून डॅशपर्यंत केसासारखी बारीक नळी. विजेचा संबंध शून्य, त्यामुळे अर्थाची भानगडही शून्य.

त्यानंतरचा विजेचा काटा आला एका वायरीचा. ब्लॉकमध्ये पितळेचा सेंडर पिळायचा, त्याला एक वायर, आणि परतीचा रस्ता त्याच्याच आट्यांतून ब्लॉककडे. (म्हणूनच आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याआधी विचार करावा. पाणी गळायचं थांबतं, पण कधीकधी अर्थही तुटतो.) हा काटा मठ्ठ असतो. थोडा व्होल्टेज इकडेतिकडे झाला तरी तो रेसभर हलेल, आणि ड्रायव्हरला 'मध्यावर आहे' एवढंच हवं असतं. म्हणजे हे झालं तारायंत्र.

टेलिफोन आला १९६७ साली. बॉशने डी-जेट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणलं, आधी फोक्सवॅगन १६०० मध्ये. पेट्रोल किती सोडायचं हे आता ट्रान्झिस्टर ठरवणार, आणि त्यांना इंजिनाचं तापमान नेमकं कळायला हवं. सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापला की रोध कमी होणारा पदार्थ. हा गुण मायकेल फॅरडेने १८३३ सालीच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. गंमत म्हणजे फोक्सवॅगनच्या त्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हा सेन्सरही एकाच वायरीचा होता, अर्थ सिलिंडर हेडमधूनच. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत दोन पिनांचा सेन्सर रूढ झाला. एक पिन सिग्नलची, दुसरी परतीची, आणि ही परतीची वायर ब्लॉकला न जाता कॉम्प्युटरपर्यंत स्वतंत्र जाते. कार्टीने टेलिफोनला जे केलं तेच.

इंजिन बदलणाऱ्याला नेमकी हीच वायर फालतू वाटते. हार्नेस कापताना, जोडताना एक वायर उरते, पलीकडे बघितलं तर 'अर्थ' लिहिलेलं. मग ती कशाला डॅशपर्यंत न्यायची? थिंबल लावलं, ब्लॉकच्या बोल्टखाली दाबलं, काम फत्ते. शेवटी अर्थच ना!

आता आकडे मांडू. बॉश पद्धतीच्या सेन्सरचा रोध ८० अंशांना साधारण ३२० ओहम असतो आणि १०० अंशांना साधारण १९०. कॉम्प्युटर ५ व्होल्ट देऊन, समजा अडीच हजार ओहममधून, तो मोजतो. मग ८० ला त्याला दिसतात ०.५७ व्होल्ट आणि १०० ला ०.३५. वीस अंशांत फरक फक्त ०.२२ व्होल्टचा, म्हणजे एका अंशाला जेमतेम ११ मिलिव्होल्ट.

एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे (१९६५ ला सहा-सहा व्होल्टच्या दोन असायच्या), तिथला अर्थ बॉडीला, आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत तो जुना स्ट्रॅप. नव्या कॉम्प्युटरचा अर्थही मालकाने बॉडीलाच दिलेला. अल्टरनेटर इंजिनावर. हेडलाइट आणि पंखा मिळून समजा ३० अँपिअर घेतात. ते सगळे बॉडीतून स्ट्रॅपमार्गे इंजिनाकडे परत जाणार. स्ट्रॅपच्या जोडांत फक्त ५ मिलिओहम रोध धरला तरी ०.१५ व्होल्ट पडतो. कॉम्प्युटरच्या नजरेतून ब्लॉक शून्याच्या तेवढा खाली गेला, आणि ९० अंशांचं पाणी एकशेपाचच्या आसपास दिसायला लागलं. सुटलं कोडं!

सेल्फ मारताना उलटं होतं. दोनेकशे अँपिअर इंजिनाकडून बॉडीकडे धावतात, ब्लॉक वर चढतो, आणि गरम इंजिन कॉम्प्युटरला गार वाटतं. तो जास्त पेट्रोल ओततो, गाडी घुसमटते. पण खरा धोका मला वेगळाच वाटतो. जो आकडा दिव्यांबरोबर हलतो त्यावरचा विश्वास माणूस चार दिवसांत सोडतो. 'आपल्या गाडीत हे असंच दाखवतं' म्हणतो. मग ज्या दिवशी होज खरंच फुटेल त्या दिवशीही तो असंच म्हणेल. अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून वाकायला फार वेळ लागत नाही.

इलाज काही रुपयांचा. दोन पिनांच्या सेन्सरची परतीची वायर कॉम्प्युटरच्या सेन्सर-अर्थ पिनपर्यंत न्या, मधे कुठेही बॉडीला टेकवू नका. तिच्यातून जेमतेम २ मिलिअँपिअर जातात, त्यामुळे बारीक वायरही चालते. काट्याचा एका वायरीचा सेंडर मात्र ब्लॉकलाच राहू दे, त्याला तोच अर्थ हवा. एकाच इंजिनावरचे दोन सेन्सर, दोघांचा अर्थ वेगळा! आणि स्ट्रॅप तपासताना मल्टिमीटरच्या 'बीप'वर जाऊ नका. मीटर तपासायला नगण्य प्रवाह सोडतो, तेवढ्याला तांब्याचा एक धागाही पुरतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या बराच वर आकडा गेला तर केबल, स्ट्रॅप आणि त्यांचे जोड खरवडून साफ करा, नाहीतर बदला.

आम्हा प्रोग्रामरांना हे सगळं ओळखीचं वाटावं. बॉडी म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. सुरुवातीला फार सोयीचं, कुठूनही वाचा, कुठूनही लिहा. मग एके दिवशी हेडलाइटने लिहिलेलं थर्मामीटर वाचतो. तारायंत्रवाल्यांनी तांबं वाचवलं, टेलिफोनवाल्यांनी भोगलं. मोटारवाल्यांनी परत तांबं वाचवलं, इंजेक्शनवाल्यांनी परत दुसरी वायर टाकली. आणि इंजिन बदलणारा ती वायर कापतो तेव्हा त्याच्या बोनेटखाली हा सगळा इतिहास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

असो. लांबलं जरा. तुमच्या ओळखीत कुणी जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसवत असेल तर एवढंच सांगा, उरलेली वायर कापण्याआधी ती मुळात कुठे जात होती ते बघ.