परावलंबनाची दफ्तरदारी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, कापसाची शेते, सागाची जंगले आणि कोलामांचे पोड यांनी व्यापलेल्या झरी जामणी तालुक्याचा संगणकविद्येच्या इतिहासाशी काही संबंध असेल अशी अपेक्षा सहसा कोणी करणार नाही. आणि त्या विद्येतील एखादा शोध तेथे लागला असे माझेही म्हणणे नाही. तथापि जिच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे, त्या विद्याशाखेची खरी कसोटी अशा टोकाच्या तालुक्यातच लागते, असे माझे दृढ मत आहे. पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकून एखादी आज्ञावली, ती ज्यांच्या आधारावर उभी असते त्या सर्व आज्ञावलींसह, योग्य आवृत्तीत व योग्य क्रमाने यंत्रावर बसविणे, आणि नकोशी झाल्यावर इतर कोणालाही धक्का न लावता ती काढून टाकणे, ही ती विद्या होय.

संगणकाची कोणतीही आज्ञावली स्वयंभू नसते. पडद्यावर अक्षर उमटविणे, मजकूर दाबून लहान करणे, दूरच्या यंत्राशी सांकेतिक भाषेत बोलणे ही कामे प्रत्येक लेखक नव्याने लिहीत बसत नाही. दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या लायब्ररींतून तो ती उचलतो, आणि त्या लायब्ररीही तिसऱ्या कोणावर विसंबून असतात. हे परावलंबन लिहून ठेवले पाहिजे, नुसते लक्षात ठेवून भागणार नाही, ही जाणीव अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७६ साली प्रथम नीट रुजली. तेथील स्टीव्ह जॉन्सन हे एक सकाळभर एका दोषाचा पाठलाग करीत राहिले. वस्तुतः तो दोष मूळ मजकुरात केव्हाच दुरुस्त झाला होता, पण त्या मजकुराचे पुनःसंकलन करावयाचे राहून गेल्यामुळे यंत्र जुनाच भाग चालवीत होते. ते वैतागून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या दालनात आले, आणि फेल्डमन यांनी आठवडाअखेरीस बसून ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे एका साध्या फाइलीत लिहावे आणि जे बदलले असेल तेवढ्याचीच पुनर्घडण यंत्राने करावी, एवढाच त्याचा नियम होता. परंतु अवलंबन हा नोंदीचा विषय झाला तो येथपासून.

‘मेक’ची नोंद एका प्रकल्पाच्या चार भिंतींआड राहणारी होती. सबंध यंत्रभर पसरलेल्या शेकडो आज्ञावलींची नोंद ठेवण्याचा प्रश्न १९९० नंतर, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या उदयाबरोबर उभा राहिला. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन या लिनक्स-वितरणाच्या प्रकल्पाची घोषणा केली, आणि पुढे इयन जॅक्सन यांच्या हातून आज्ञावलींची पॅकेजे बसविणाऱ्या त्याच्या डीपीकेजी या साधनाला स्थिर रूप आले. १९९५ च्या सुमारास रेड हॅटने आपली आरपीएम पद्धती आणली. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजाबरोबर ‘कंट्रोल’ नावाची जी फाइल येते ती मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा मला आपल्या महसुली दफ्तराची आठवण होते. जमिनीच्या तुकड्यामागे जशी फेरफाराची नोंद, कुळाची नोंद आणि बोजाची नोंद असते, तशी येथे कलमे असतात: ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही ते, ‘रेकमेंड्स’ म्हणजे सामान्यतः सोबत असावेच असे, ‘सजेस्ट्स’ म्हणजे असल्यास उपयोगी पडेल असे, ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे ज्याच्याबरोबर एका यंत्रावर नांदणे अशक्य ते, आणि ‘प्रोव्हाइड्स’ म्हणजे हे पॅकेज ज्या सामायिक नावाची गरज भागवते ते. गरज आणि शिफारस यांत भेद करणे, शिफारस आणि केवळ सूचना यांतही भेद करणे, हा विवेक कोणा यंत्राने केलेला नाही. बहुतेक वेळा वेतनाशिवाय काम करणाऱ्या, आपल्या पॅकेजाची जबाबदारी नावानिशी स्वीकारणाऱ्या माणसांनी तो वर्षानुवर्षे केला आहे, आणि त्यांच्याविषयी मला अतीव आदर वाटतो.

परंतु डीपीकेजी हा केवळ तपासनीस होता. अमुक नाही म्हणून तमुक बसत नाही, एवढे सांगून तो थांबे. उणीव भरून काढणे हे माणसाचे काम होते. महाराष्ट्रात या काळाचा अनुभव तबकड्यांच्या द्वारे आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनांसाठी इंटरनेट खुले केले खरे, पण ते मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरते, आणि तेही दूरध्वनीच्या तारेवरून मंदगतीने. लिनक्स पसरले ते १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींवरून. पुढे डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूच्या चालकांनी २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याचा परिपाठ ठेवला, आणि जेथे पोस्टमन जातो तेथपर्यंत एक संपूर्ण संगणकप्रणाली जाऊ लागली. मात्र सीडीवर जे नाही ते हवे झाले की संकट उभे राही. वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या नेट कॅफेत जाऊन पॅकेज पेन ड्राइव्हवर घ्यावे, तालुक्याच्या गावी परत यावे, आणि पडद्यावर वाचावे की त्याला आणखी एक लायब्ररी लागते. ती आणावी, तर तिला तिसरी लागते. शहरातील माणसाला जी क्षणभराची चिडचिड, ती येथे एसटीची एक संपूर्ण फेरी असे.

या फेऱ्यांतून सोडविणारे साधन म्हणजे ॲप्ट. मार्च १९९९ मध्येच डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ते सर्वांच्या हाती आले होते. ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ एवढे लिहून पुढे पॅकेजाचे नाव दिले की ते साऱ्या भांडाराची सूची चाळते, अवलंबनांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत उलगडते, काय येणार, काय जाणार आणि किती जागा लागणार हे आधी दाखविते, आणि मगच संमती विचारते. नेट नसलेल्यासाठी त्याच्यात ‘प्रिंट-यूआरआयज’ हा पर्याय आहे, आणि त्याची थोरवी मला विशेष वाटते: भांडाराची सूची आधी आणून ठेवलेली असली, तर ते काहीही न उतरविता लागणाऱ्या सगळ्या पॅकेजांचे पत्ते छापून देते, ती यादी खिशात घालून शहरात जावे, सर्व पॅकेजे एकाच खेपेत आणावी, कॅशेच्या कप्प्यात ठेवावी आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी. अवलंबनांची ही साखळी उलगडण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. परस्परविरोधी अटींतून सर्वांना मानवेल असा आवृत्तींचा संच शोधणे हा गणितातील अत्यंत कठीण वर्गातील प्रश्न आहे, हे युरोपातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केले, आणि २००८ पासून ओपनसुसे या लिनक्स-वितरणाने त्यासाठी तर्कशास्त्रीय समीकरणे सोडविणारे यंत्रच जुंपले.

मराठीतून हे ज्ञान देण्याचा एक नेटका प्रयत्न आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केला. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या, सुमारे दहा मिनिटांच्या त्या पाठांत सिनॅप्टिक या ॲप्टच्या चित्रमय रूपाचाही पाठ आहे, तो मराठी निवेदनासह उपलब्ध आहे, आणि हे पाठ नेटविना, घरी बसून शिकता यावेत अशा बेताने रचलेले आहेत.

दरम्यान बहुतेक प्रोग्रामिंग भाषांनी आपापले भांडार आणि आपापला कारभारी निर्माण केला, आणि नेट सर्वत्र झाल्यावर यादी वाचण्याची सवय मोडली. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेताच जगभरचे असंख्य प्रकल्प अडून बसले; त्यांतील कित्येकांना आपण त्यावर अवलंबून आहोत याची वार्ताही नव्हती. मार्च २०२४ मध्ये मजकूर दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनात कोणी दडवून ठेवलेले चोरदार आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडले ते केवळ अर्ध्या सेकंदाच्या अनपेक्षित विलंबाचा छडा लावण्याच्या त्यांच्या चिकाटीमुळे.

आता झरी जामणीच्या अगदी दाराशी असलेले एक उदाहरण सांगतो. या तालुक्यात गोंड समाजाची वस्ती मोठी आहे, आणि गोंडी भाषेसाठी दोन स्वतंत्र लिप्या युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात आल्या आहेत: बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी १०.० या आवृत्तीत, आणि पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी हस्तलिखितांतून उजेडात आलेली लिपी जून २०१८ च्या ११.० या आवृत्तीत. डेबियनची नववी आवृत्ती १७ जून २०१७ रोजी निघाली आणि युनिकोड १०.० त्यानंतर तीन दिवसांनी, २० जूनला. त्यामुळे त्या आवृत्तीवर चालणाऱ्या यंत्राला या दोहोंपैकी एकाही लिपीची ओळख नाही. दोन्ही लिप्यांचे टंक (फॉन्ट) नोटो या टंकसंचात आहेत आणि ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ या पॅकेजातून एका आज्ञेने मिळतात. पण टंक आला म्हणजे लिपी आली असे नाही. मात्रा व जोडाक्षरे जागच्या जागी बसविणारी हार्फबझ ही लायब्ररीही तितकीच नवी असावी लागते. एखाद्या आश्रमशाळेतील जुन्या यंत्रावर कोणी नवा टंक तेवढा आणून बसविला, तर डीपीकेजी तक्रार करणार नाही, सर्व काही यथास्थित झाल्याचे सांगेल, आणि मुलांच्या भाषेतील अक्षरे पडद्यावर विस्कटलेली दिसतील. कारण टंकाच्या पॅकेजांत हार्फबझच्या आवृत्तीची अट लिहिण्याचा प्रघात नाही. ती अट सक्तीच्या कलमात घालता येणार नाही, कारण तोच टंक छपाईसारख्या इतर कामांसाठीही लागतो, हे मला मान्य आहे. परंतु निदान वर्णनाच्या चार ओळींत ती लिहिली जावी, एवढी मागणी पैनगंगेकाठच्या शिक्षकाने डेबियनच्या टंक-जोपासकांकडे करण्यास काहीच हरकत नाही, आणि अशा मागणीची पत्रे तेथे वाचली जातात.