गावच्या पाटीवरचा आकडा

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे आपल्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच माहीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारनं तिथं त्यांचं स्मारक उभारलं. त्या गावाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. आज आपण बोलणार आहोत ते गावोगावच्या साध्या पाट्यांबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी गावांत, कुठं चावडीच्या भिंतीत, कुठं देवळाजवळ, ही पाटी बसवलेली आहे. मजकूर ठरीव साच्याचा: या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. बस्स. रिकाम्या जागी फक्त आकडे भरायचे.

लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली, मग १९१९ कसं? तर व्हर्सायचा तह जून १९१९ चा. सैनिकांना मिळालेल्या विजयपदकावरही हेच साल आहे.

पण आपला प्रश्न सालाचा नाही, नावांचा आहे. आपल्याकडं वीरगळ असतात. त्यांवरही बहुधा नाव नसतं, पण गडी कसा पडला ते तरी दिसतं: खाली लढाई, वर अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्याही वर शिवपूजा. पाटीवर तेवढंही नाही. ज्या पिढीनं ती बसताना पाहिली तिला नावांची गरजच नव्हती. ‘दोन मेले’ म्हटलं की कुणाच्या घरचे ते साऱ्या गावाला ठाऊक. पणतवंडांना ते कसं कळणार?

आता ही माणसं गेली कुठं ते बघू. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून बगदादच्या रोखानं निघालेली ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावी वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने! धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडी लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतरची वाळवंटातली पायपीट आणि कैद अनेकांच्या जिवावर बेतली.

ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० हून जास्त लोकांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. तिथं तरी नावं असतील? ब्रिटिश सैनिकांची आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या! गावात आकडा, बसऱ्यातही आकडा. स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. हा निव्वळ विसराळूपणा होता असं आम्हाला वाटत नाही. शिपायाचं नाव कोरण्याइतकं मोलाचं नाही, हा त्या काळी घेतलेला निर्णय होता.

नावं शोधता येतात, हे पंजाबनं दाखवलंय. युद्धानंतर तिथल्या सरकारनं गाववार नोंदवह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. आता संगणकावर चढवल्या जाताहेत. नोंदी सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या.

आपल्याकडं सुरुवात घरातूनच करायला हवी. पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, आणि मुख्य म्हणजे पदकं. राणीछाप रुपयासारखं दिसतं म्हणून ट्रंकेच्या तळाशी पडलेलं एखादं चांदीचं पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथं बारीक अक्षरांत ठोकलेली असते. मोडीत घालण्याआधी तेवढं वहीत उतरवून घ्या, आणि पाटी कुठं आहे तेही त्याच पानावर लिहा.