जोड कुणाची, खुराक कुणाचा?

मंडळी, कुंडल, पलूस, औंध या बाजूच्या कुस्तीच्या फडावर तुम्ही कधी गेला असाल, तर एक गोष्ट पाहिली असेल. हलगी वाजू लागण्याच्या आधी जाणती माणसे एका कोपऱ्यात बसून जोडी ठरवत असतात. कोण कुणाशी लढणार, कुणाचे वजन किती, कुणाची मेहनत किती वर्षांची, हे पाहून जोड लावायची. जोड चुकली की प्रेक्षक लगेच ओरडतो, ‘जोड बरोबर नाही!’ एवढ्या मोठ्या फडाचा न्याय त्या एका शब्दात सामावलेला आहे.

पण आपले पंच पैलवानाचे वजन पाहत, त्याचा खुराक मोजत नसत. एकाच्या घरी दोन म्हशी, दुसऱ्याच्या घरी चहाला दूध नाही. एकाला बदाम-तूप पुरवणारा धनी आहे, दुसरा भाकरी-आमटीवर जोर काढतो. ही विषमता मातीत उतरण्याच्या आधीचीच असते. आज जगभरच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये नेमका हाच वाद कोर्टापर्यंत गेला आहे. क्लबाने खेळाडूंवर किती खर्च करावा, याला मर्यादा घालावी का? घातली तर ती न्याय्य आहे का, आणि कायद्याला धरून आहे का?

आपल्याकडचा इतिहास आधी पाहू. कुस्तीला राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेला. पण 1948 मध्ये सांगली-औंधसारखी संस्थाने विलीन झाली, 1949 मध्ये कोल्हापूर झाले, आणि राजांच्या पदरी असलेल्या मल्लांचा आधार गेला. पुढे या भागातल्या काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन सुरू केले, तेव्हा पुन्हा थोडी ऊब आली. एका धन्याच्या मर्जीवर उभा असलेला खेळ, धनी गेला की उघडा पडतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचेच पाहा. त्यांनी 2006 मध्ये फुटबॉलची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघच बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये सुरू झाला आणि 2019 मध्ये आर्थिक ओढाताणीत मिटला.

युरोपातली चिंता हीच होती. 2011 या एका वर्षात तिथल्या वरच्या श्रेणीच्या क्लबांचा एकत्रित तोटा सुमारे 1.7 अब्ज युरो होता. म्हणून ‘युएफा’ या संघटनेने नियम केला, की क्लबाने साधारण आपल्या कमाईइतकाच खर्च करावा. 2022 मध्ये नवा नियम आला. खेळाडूंचे पगार, त्यांच्या खरेदीचा खर्च आणि दलालांची फी मिळून उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ नये, अशी मर्यादा टप्प्याटप्प्याने ठरली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या आजीनेही सांगितले असते.

पण मंडळी, अंथरूण कुणाचे किती मोठे, हे कुणी ठरवले? ज्या क्लबाचे स्टेडियम मोठे, ज्याचे नाव शंभर वर्षे गाजते, त्याची कमाई जास्त. म्हणजे त्याला खर्चाची मुभाही जास्त. लहान गावच्या क्लबाला उद्या कुणी श्रीमंत माणूस भेटला, तरी नियम म्हणणार, ‘तुझ्या कमाईपुरतेच खा.’ याने जोड सुधारत नाही. थोरला थोरलाच राहतो, आणि धाकट्याच्या हाती शिस्तीचे प्रमाणपत्र येते.

मर्यादेचा दुसरा इतिहास इंग्लंडमध्ये आहे. तिथे 1901 पासून खेळाडूचा आठवड्याचा पगार चार पौंडांहून जास्त असू नये, असा नियम होता. आकडा हळूहळू वाढून वीस पौंडांवर आला. हजारो माणसे तिकीट काढून सामना पाहत, आणि ज्याच्यासाठी ती येत, तो मात्र कामगाराच्या पगारावर. 1961 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाचा इशारा दिला, तेव्हा ही मर्यादा गेली. लवकरच जॉनी हेन्स हा खेळाडू आठवड्याला शंभर पौंड घेऊ लागला. समानतेच्या नावाने घातलेली मर्यादा साठ वर्षे खेळाडूच्या ताटातला घास कमी करत होती.

कायदा काय म्हणतो? खेळाच्या संघटना आपल्या घरच्या मालक आहेत, त्यांना कोण विचारणार, असा पूर्वी समज होता. तो आता राहिलेला नाही. इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील क्लबांनी ऑगस्ट 2020 मध्ये पगारावर मर्यादा घातली. तिसऱ्या श्रेणीला वर्षाला 25 लाख पौंड, चौथ्या श्रेणीला 15 लाख. खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये लवादाने ती मर्यादा रद्द केली. कारण साधे होते. खेळाडूंशी ठरल्याप्रमाणे सल्लामसलत झालीच नव्हती. डिसेंबर 2023 मध्ये युरोपच्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले, की संघटनेने नियम जरूर करावेत, पण ते स्पष्ट, निःपक्षपाती आणि सगळ्यांना सारखे असावेत. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये क्रिकेट मंडळाला 52 कोटी 24 लाखांचा दंड केला होता. तो अपिलात रद्द झाला, आणि 2017 मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. खेळाचा बाजार झाला, की बाजाराचा कायदा मैदानात येतोच.

शिक्षेतही जोड सांभाळावी लागते. एव्हर्टन क्लबाचे तोट्याच्या नियमाखाली नोव्हेंबर 2023 मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहा झाले. मँचेस्टर सिटीवर 2020 मध्ये घातलेली युरोपीय स्पर्धांची दोन वर्षांची बंदी त्याच वर्षी क्रीडा लवादाने उठवली आणि दंड तीन कोटी युरोंवरून एक कोटीवर आणला. मोठ्या क्लबाकडे वकिलांची फौज असते, लहान क्लबाचे काय, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला तर त्याला दोष कसा देणार?

या पार्श्वभूमीवर आपली कबड्डी पाहण्यासारखी आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा खेळाडू घेण्यासाठी प्रत्येक संघाला 60 लाख रुपयांची मर्यादा होती. 2023 च्या हंगामात ती पाच कोटींवर गेली. इथे मर्यादा कमाईवर नाही, सर्वांना एकच आहे. आमच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीच्या संघातून खेळला तो याच व्यवस्थेत. ही जोड पुष्कळ बरी आहे. पण लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, आणि एकूण आकडा ठरतो तो पैसे देणाऱ्याच्या बाजूने. इंग्लंडची ती साठ वर्षे इथे आठवावीत.

मी गझल लिहितो. तिथे बंधनाशिवाय चालत नाही. पण रदीफ-काफियाचे बंधन उस्तादाला जेवढे, तेवढेच नवशिक्यालाही असते, म्हणूनच ते सोसते.

आणि शेवटी आपले खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी गोळा झाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरवून, स्वतः लढून त्या मदतीची परतफेड केली, असेही सांगितले जाते.

खर्चाचा कुठलाही नियम मी या गोष्टीवर घासून पाहतो. ‘कमाईपुरताच खर्च’ हा नियम त्या दिवशी असता, तर गोळेश्वरचा पैलवान कराडच्या पुढे गेला नसता. म्हणून मला वाटते, मर्यादा कर्जावर असावी, देणाऱ्याच्या हातावर नसावी. देणाऱ्याने पुढच्या काही वर्षांची रक्कम आधीच ठेव म्हणून ठेवावी, म्हणजे तो निघून गेला तरी खेळाडूचा पगार थांबणार नाही. एकूण आकडा ठरवायचा असेल, तर तो सर्वांना एकच असावा. आणि तो ठरवताना कोपऱ्यात बसलेल्या पंचांच्या शेजारी लंगोट बांधणाऱ्यालाही जागा असावी. जोड लावायची ती त्याची, मग त्याला विचारायला नको का?